धुक्यांतील छायाचित्र कसें सुधारावें?

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत पहाटे उठून जो भंडारा शहराच्या बाहेर पडला असेल, त्यास धुक्याची निराळी ओळख करून देण्याचें कारण नाहीं. आपला जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. कोहळी शेतकऱ्यांनीं व जुन्या मालगुजारांनीं बांधविलेले तलाव, लहान लहान बोड्या, धानाच्या ओलसर बांध्या, आणि ह्या सर्वांच्या मधून वाहणारी वैनगंगा, ह्यांमुळें थंडीच्या सकाळीं येथील सखल भाग दूध सांडल्याप्रमाणें पांढरा दिसतो. हें दृश्य पाहतांच हल्लींच्या विद्यार्थ्याचा हात प्रथम खिशांतील मोबाईलकडे जातो. चित्र घेतलें जातें. परंतु घरीं येऊन पाहावें तों डोळ्यांना जें गूढ व मनोहर वाटलें होतें, तेंच आतां मळकट, निस्तेज व अर्थशून्य दिसूं लागतें. मग "धुक्यानें चित्र बिघडविलें" असा निवाडा देऊन आपण मोकळे होतों. वस्तुतः अपराध बहुधा धुक्याचा नसतो. चित्र कशाचें आहे हें ठरविण्याचें काम आपण केलेलें नसतें, एवढाच त्याचा अर्थ. तें काम मागाहूनहि कसें करतां येतें, व त्यांत रंगांची निवड आणि काटछांट ह्या दोन साधनांचा उपयोग कसा होतो, हें ह्या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

हा विषय माझ्या मनांत येण्यास एक लहानसें निमित्त झालें. गेल्या डिसेंबरांत नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें वार्षिकासाठीं एक छायाचित्र आणून दिलें. हा मुलगा नदीवर मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबांतील आहे. वडील भावाच्या मोबाईलवर, सकाळीं सात वाजण्याच्या सुमारास, कारध्याच्या पुलाजवळून त्यानें वैनगंगेचें चित्र घेतलें होतें. चित्राचा वरचा तिसरा हिस्सा कोरा पांढरा असून त्यांतून विजेची एक तार आडवी गेली होती. डाव्या बाजूस पुलाचे तीन खांब एकामागून एक फिकट होत गेले होते, आणि त्यांच्यामागें पलीकडच्या तीरावरील झाडांची अस्पष्ट रेघ होती. खालीं कांठचा चिखल, जलपर्णीचा पुंजका आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. आणि उजवीकडे, मध्याच्या कांहींसा वर, नखाएवढा एक डोंगा व त्यांत उभा असलेला एक मनुष्य. सारें चित्र राखेच्या रंगाचें, आणि शिवाय एका बाजूस कललेलें.

मुलानें चित्राच्या दोन प्रती आणल्या होत्या. दुसरी प्रत "सुधारलेली" होती. मोबाईलमधील धुकें काढण्याची सोय शेवटपर्यंत ओढून व रंग भडक करून त्यानें पाणी नारिंगी, झाडें पोपटी व आकाश निळें केलें होतें. धुक्याच्या जागीं पट्टे व डाग उमटले होते, आणि डोंग्यांतील मनुष्य त्या गर्दींत हरवला होता. मीं विचारलें, "अरे, हें चित्र कशाचें आहे?" तो थोडा थांबून म्हणाला, "सर, डोंग्यावर माझे बाबा आहेत." तेव्हां माझ्या लक्षांत आलें कीं, जी गोष्ट दाखविण्यासाठीं त्यानें चित्र घेतलें, तीच दोन्ही प्रतींत शोधावी लागत होती. चित्र सुधारणें म्हणजे ती गोष्ट पाहणारास आपोआप सांपडेल असें करणें होय. आम्हीं दोघांनीं शाळेच्या संगणकावर बसून पुढील तीन दिवस हेंच केलें.

प्रथम धुकें म्हणजे काय तें पाहूं. रात्र निरभ्र व वारा पडलेला असला म्हणजे जमीन आपली उष्णता लवकर गमावते, तिच्या लगतची हवा थंड होते, व हवेंतील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. ह्यालाच आपल्याकडील शेतकरी धुई म्हणतो. नदीवर आणखी एक कारण घडतें. पाणी जमिनीइतक्या लवकर निवत नाहीं. त्यामुळें थंड हवा कोमट पाण्यावरून सरकूं लागली कीं पाण्याची वाफ वर येतांच थेंबरूप होते, व नदी चुलीवरील भांड्याप्रमाणें वाफाळलेली दिसते. गोसीखुर्दच्या धरणानें पाणी अडविल्यापासून भंडाऱ्याजवळचें पात्र रुंद व संथ झालें आहे, आणि असल्या संथ पाण्यावर हा देखावा फार चांगला उठतो. ज्यांतून एक किलोमीटरपलीकडचें दिसत नाहीं, त्यासच वेधशाळेचे लोक धुकें म्हणतात. त्याहून विरळ असेल तर त्यास निराळें नांव देतात.

धुक्याचा थेंब साधारणतः मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढा असतो. आपणांस तो लहान वाटतो, पण प्रकाशाच्या लहरीच्या मानानें तो वीसपट मोठा आहे. म्हणून तो तांबड्या, हिरव्या व निळ्या किरणांस सारखाच विखुरतो, आणि पांढरा दिसतो. दूरच्या डोंगरावरील निळसर झांक मात्र निराळ्या जातीची. ती हवेच्या अतिसूक्ष्म कणांमुळें येते. असे कण निळा किरण तांबड्या किरणाच्या सुमारें चौपट विखुरतात, हें पुढें लॉर्ड रॅले म्हणून प्रसिद्ध झालेल्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८७१ मध्यें दाखवून दिलें. हा भेद छायाचित्रकारानें नीट ध्यानांत ठेवावा. आंबागडच्या किल्ल्यावरून दुपारीं दिसणारी निळी धूसरता कॅमेऱ्यापुढें तांबडी कांच धरून बरीच कमी करतां येते. परंतु नदीवरचें पांढरें धुकें कोणत्याहि रंगाच्या कांचेनें हटत नाहीं. तेव्हां त्याच्याशीं भांडण्यापेक्षां त्याच्याकडून काम करून घेणें अधिक शहाणपणाचें.

तें काम कोणतें? धुकें अंतर दाखवितें. वस्तु व तिच्या मागची बाजू ह्यांतील उजेड-अंधाराचा फरक अंतराबरोबर ठराविक प्रमाणांत घटत जातो, हा नियम जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड कोश्मीडर ह्यांनीं १९२४ मध्यें मांडला. समजा, एखाद्या सकाळीं पन्नास मीटरांवरील झाडाचा काळेपणा निम्मा उरला. तर शंभर मीटरांवरील तसल्याच झाडाचा पाव उरेल, व दीडशें मीटरांवरील झाडाचा एकअष्टमांश. उघड्या उन्हांत हीं तिन्ही झाडें जवळजवळ सारखींच काळीं दिसलीं असतीं, व चित्र सपाट झालें असतें. धुकें त्यांना पायरीपायरीनें मागें सारतें. आमच्या चित्रांतील पुलाचे तीन खांब ही अशीच तीन पायऱ्यांची शिडी होती. मुलानें धुकें काढण्याची सोय वापरली तेव्हां प्रथम मोडली ती हीच शिडी.

ही सोय कशी चालते, हेंहि सांगण्यासारखें आहे. कैमिंग हे व त्यांचे दोन सहकारी ह्यांनीं २००९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या एका पद्धतींत मूळ कल्पना अशी आहे कीं, स्वच्छ हवेंत घेतलेल्या चित्राच्या, आकाश वगळतां, जवळजवळ प्रत्येक लहान भागांत तांबडा, हिरवा व निळा ह्यांपैकीं एखादा रंग कोठें तरी अगदीं काळोखा असतो. तसा तो नसेल तर तितका धुक्याचा पांढरेपणा मिसळला आहे असें मानून तो वजा करावयाचा. डोंगर व इमारती ह्यांच्या चित्रांत ही युक्ति नामी ठरते. परंतु जेथें पाणी व आकाश मुळांतच पांढरें, तेथें यंत्राचा तर्क चुकतो, व नसलेला रंग तें उकरून काढूं लागतें. म्हणून धुकें हेंच ज्या चित्राचें निम्में अंग आहे, तेथें ह्या सोयीस फार तर बोट लावावें, हात घालूं नये.

आतां चित्र मळकट कां येतें तें पाहूं. कॅमेऱ्यास आपल्यासारखी समज नसते. समोरचें दृश्य सरासरीनें मध्यम राखी आहे असें गृहीत धरून तो उजेड मोजतो. धुकें तर राखेपेक्षां बरेंच उजळ. कॅमेरा त्यास बळेंच राखी करतो, आणि सकाळ संध्याकाळसारखी दिसूं लागते. ह्यावर खरा उपाय चित्र घेतेवेळींच करावा. मोबाईलच्या पडद्यावर बोट टेकून, तेथें येणारें सूर्याचें चिन्ह किंचित् वर सरकवावें, म्हणजे चित्र उजळतें. धुक्याचा पांढरेपणा पांढरा दिसूं लागला, पण त्यांतील बारीक छटा पुसल्या गेल्या नाहींत, अशा ठिकाणीं थांबावें.

चित्र घेऊन झाल्यावर हा दोष काढावयाचा तर जरा बेतानें काढावा लागतो. संगणकाच्या हिशेबांत निव्वळ काळ्यास शून्य व निव्वळ पांढऱ्यास २५५ हा अंक दिलेला असतो. आमच्या मूळ चित्रांतील सर्वांत गडद बिंदु ९० च्या आसपास, व सर्वांत उजळ १७० च्या आसपास होता. म्हणजे २५६ पायऱ्यांपैकीं अवघ्या ऐंशी वापरल्या गेल्या होत्या. ह्या ऐंशी पायऱ्या ओढून साऱ्या जिन्यावर पसरल्या तर मधल्या पायऱ्या रिकाम्या राहतात, आणि गुळगुळीत धुक्यांत पट्टे दिसूं लागतात. मुलाच्या प्रतींत तेच झालें होतें. आम्हीं मग धुक्याचा भाग न ताणतां नुसता उजळला. ताण दिला तो डोंगा व जवळचा खांब ह्या गडद भागांसच. कारण तेथें लांकडाचा व दगडाचा खरबरीतपणा असतो, व त्यांत पट्टे लपून जातात. तरीहि डोंग्यास निव्वळ काळा होऊं दिला नाहीं. धुक्यांत कोणतीच वस्तु निव्वळ काळी दिसत नसते.

ह्यानंतर रंगांचा विचार. सूर्य क्षितिजाजवळ असतांना त्याचा प्रकाश तांबूस-पिवळा असतो. प्रकाश मोजण्याच्या परिभाषेंत तो सुमारें ३००० केल्विन. दुपारचा प्रकाश सुमारें ५५०० केल्विन, आणि जेथें ऊन पोहोंचलें नाहीं, केवळ आकाशाचा उजेड आहे, तेथें ८००० केल्विनच्याहि वर, म्हणजे निळसर. सकाळच्या धुक्यांत हे दोन्ही प्रकाश एकाच वेळीं नांदतात: वर ऊन शिरूं लागलेलें, खालीं पाण्यालगत अजून सांवली. परंतु कॅमेरा आपण होऊन रंग "दुरुस्त" करतो, व दोहोंची सरासरी काढून सर्वत्र राख फांसतो. मीं मुलास विचारलें, "त्या वेळीं तूं स्वतः कोणता रंग पाहिलास?" तो म्हणाला, "पाण्याजवळ निळसर होतें, सर. वर थोडें पिवळें." आमच्या कामास एवढी साक्ष पुरेशी होती. उजळ भागांत पिवळ्याची व गडद भागांत निळ्याची अगदीं थोडी झांक आम्हीं घातली. रंग वाढविण्यापेक्षां एकंदर रंग कमीच केले. असें करतांच एक चमत्कार घडला. त्याच्या बाबांच्या खांद्यावर लाल दुपट्टा होता. तो आतांपर्यंत कोणाच्याहि लक्षांत आला नव्हता. बाकीचे रंग गप्प बसतांच तो एक ठिपका बोलूं लागला. आम्हीं त्यास हात लावला नाहीं. रंगाची निवड म्हणजे रंग घालणें नव्हे. कोणत्या रंगास बोलूं द्यावें व कोणास गप्प बसवावें, हें ठरविणें.

वार्षिकाचीं आंतील पानें काळ्या शाईंत छापलीं जात असल्यामुळें रंगीत चित्राचें काळें-पांढरें करण्याचाहि प्रश्न आला. पुष्कळांस वाटतें कीं, रंग काढून टाकला म्हणजे झालें. तसें नाहीं. रंगीत चित्र हें तांबड्या, हिरव्या व निळ्या अशा तीन चित्रांचें बनलेलें असतें, आणि त्यांपैकीं कोणास किती वजन द्यावें हें आपल्या हातीं असतें. जुन्या छायाचित्रकारांस ही मोकळीक नव्हती. मुंबईंत १८५४ मध्यें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली व डॉ. नारायण दाजी ह्यांच्यासारखे आपले लोक तिच्यांत काम करूं लागले, त्या काळच्या कांचा मुख्यतः निळाच प्रकाश जाणीत. त्यांवर आकाश पांढरें फटफटीत येई व दूरचे डोंगर विरून जात. १८७३ मध्यें बर्लिन येथें हर्मान फोगेल ह्यांनीं कांचेवरील लेपांत विशिष्ट रंग मिसळून तिला हिरवा-पिवळा प्रकाश जाणावयास लाविलें, आणि १९०६ पासून सर्व रंग जाणणाऱ्या कांचा बाजारांत येऊं लागल्या. जी गोष्ट साधण्यास त्यांना पन्नास वर्षें लागलीं, ती आज आपण एका खुणेनें करतों. आमच्या चित्रांतील लाल दुपट्टा तांबड्या चित्रांत जवळजवळ धुक्याइतकाच फिका दिसत होता. हिरव्या चित्रांत तो गडद दिसला. म्हणून आम्हीं हिरव्यास अधिक वजन दिलें. धुकें तिन्ही रंगांत सारखेंच असल्यामुळें त्यांत फारसा फरक पडला नाहीं. मनुष्य मात्र उठून दिसूं लागला.

आतां काटछांट. काटछांटीपूर्वी चित्र सरळ करावें. एरवीं क्षितिजाच्या रेषेवरून तें करतां येतें. धुक्यांत क्षितिजच नसतें. अशा वेळीं वस्तु व तिचें पाण्यांतील प्रतिबिंब पाहावें. संथ पाण्यांत प्रतिबिंब नेहमीं वस्तूच्या थेट खालीं पडतें. पुलाचा खांब व त्याचें प्रतिबिंब उभ्या रेषेंत येईपर्यंत आम्हीं चित्र फिरविलें, आणि एका बाजूस वाहून चाललेली नदी जागेवर आली.

काटछांट शिकण्याचें सर्वांत सोपें साधन म्हणजे काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे. ते चित्रावर समोरासमोर ठेवून मागेंपुढें सरकवावे, म्हणजे हवी तेवढी चौकट लहानमोठी करतां येते. संगणकावरहि होतें तें हेंच. पण पुठ्ठ्यानें हात व डोळा दोन्ही शिकतात. आम्हीं छापील प्रत टेबलावर ठेवून प्रथम वरची बाजू झांकली. कोरें आकाश व विजेची तार गेली, आणि कांहींच कमी झाल्यासारखें वाटलें नाहीं. जें काढल्यावर त्याची आठवण येत नाहीं, तें चित्रांत नकोच होतें. मग खालचा चिखल झांकला. नंतर उजवी बाजू इतकी आंत आणली कीं, डोंगा चौकटीच्या उजव्या तिसऱ्या हिश्शावर आला. डोंग्याचें तोंड डावीकडे होतें. म्हणून त्याच्यापुढें मोकळें पाणी ठेवणें अवश्य होतें, नाहीं तर तो चौकटीच्या भिंतीवर आदळणार असें वाटलें असतें. डावीकडे पुलाचे तिन्ही खांब ठेवले. कारण मनुष्य किती दूर आहे व नदी किती मोठी आहे, हें तेच सांगत होते. अशा रीतीनें उंचीच्या दुप्पट रुंदीची एक आडवी चौकट तयार झाली. नदीस आडवी चौकट शोभते. तलावाच्या पाळीवरील एकटें झाड असतें तर उभी घेतली असती.

परंतु कापावयास मर्यादा असते, व ती गणितानें काढावी. मूळ चित्र ४००० बिंदु रुंद व ३००० बिंदु उंच, म्हणजे एक कोटि वीस लाख बिंदूंचें होतें. काटछांटीनंतर ३००० गुणिले १५००, म्हणजे पंचेचाळीस लाख उरले. चांगल्या छपाईस इंचास तीनशें बिंदु लागतात. तेव्हां हें चित्र दहा इंच रुंद व पांच इंच उंच सुखानें छापतां येईल, आणि वार्षिकाच्या पानास तें पुरून उरेल. लोभानें केवळ डोंगाच कापून घेतला असता, तर पांचशें बिंदु हातीं आले असते, आणि छापल्यावर बाबांच्या ठिकाणीं चौकोनी ठिपके दिसले असते.

डोंग्यापुढें एवढी मोकळी जागा सोडण्याचें धाडस पुष्कळांस होत नाहीं. रिकामी जागा म्हणजे वायां गेलेली जागा, असें आपणांस वाटतें. ह्या बाबतींत पूर्वेकडील चित्रकारांपासून शिकण्यासारखें आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटीं जपानांतील हासेगावा तोहाकु ह्यानें केवळ काळ्या शाईनें सहा-सहा फळ्यांच्या दोन पडद्यांवर धुक्यांतील देवदारवर्गी झाडें काढलीं. ते पडदे आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहेत. त्यांतील बराचसा कागद कोराच आहे, पण त्या कोऱ्या कागदालाच आपण धुकें समजतों. १९०३ मध्यें योकोयामा ताइकान व हिशिदा शुनसो हे दोन जपानी चित्रकार कलकत्त्यास आले. त्यांच्या सहवासांत अवनींद्रनाथ ठाकुर ह्यांनीं रंगविलेला कागद पुनः पुनः पाण्यानें धुवून मऊ, धूसर छटा आणण्याची रीत उचलली, व ती बंगाली चित्रकारांत रूढ झाली. ह्या सर्वांनीं धुकें काढून टाकलें नाहीं. त्यास चित्रांत मानाची जागा दिली.

तिसऱ्या दिवशीं चित्र पुरें झालें, असें आम्हांस वाटलें, आणि मुलानें तें घरीं नेऊन दाखविलें. त्याचे बाबा दुसऱ्या दिवशीं शाळेंत आले. चित्र हातीं धरून त्यांनीं बराच वेळ पाहिलें, व मग संकोचानें म्हणाले, "चांगलं आहे जी, सर. पण जाळं तर दिसूनच नाहीं राहिलं!" मीं पाहिलें तों खरेंच. डोंग्यास उठाव देण्याच्या भरांत आम्हीं त्याच्या पुढच्या टोकाशीं ठेवलेला जाळ्याचा ढीग काळ्या सांवलींत बुडवून टाकला होता. आम्हांस तो एक सुंदर आकार होता. त्यांना तें त्या दिवसाचें काम होतें. जाळ्यावांचून डोंग्यांत उभा असलेला मनुष्य काय करीत होता, हें चित्र सांगत नव्हतें. आम्हीं पुनः बसलों, डोंग्याच्या सांवलीचा भाग जरा उजळला, आणि जाळ्याचे धागे दिसूं लागतांच थांबलों. ज्याचें चित्र असेल त्यास तें एकदां दाखवावें, हा नियम मला कोणत्याहि पुस्तकांत मिळाला नव्हता.

आणखी एक प्रश्न राहिला, व तो सर्वांत महत्त्वाचा. वर्गांतील एकानें सुचविलें कीं, वरती उगवता सूर्य व सारसांची एक जोडी घातली तर चित्राला बक्षीस मिळेल. संगणकानें तें घटकाभरांत झालें असतें. अशी हौस कांहीं नवी नाहीं. १८५० नंतरच्या दशकांत गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्र एका कांचेवरून व ढग दुसरीवरून छापून एकच चित्र बनवीत असे. त्या काळच्या कांचांस दोन्ही एकदम साधत नसल्यामुळें त्याचा तो नाइलाज होता. आपली तशी अडचण नाहीं. ॲमस्टरडॅम येथें १९५५ पासून चालू असलेल्या "वर्ल्ड प्रेस फोटो" ह्या स्पर्धेच्या नियमांत चित्राची काटछांट करण्यास मुभा आहे. परंतु चित्रांत नसलेली वस्तु घालणें अथवा असलेली पुसून टाकणें निषिद्ध आहे. आम्हींहि तोच नियम पाळला. सूर्य व सारस आले नाहींत.

तेव्हां आमच्या मुलानेंच मला कोड्यांत टाकलें. तो म्हणाला, "सर, सूर्य घालणें खोटें; मग कांठावरचा कचरा कापून टाकणें हें खोटें नव्हे काय?" प्रश्न योग्य होता, आणि त्याचें उत्तर देण्यास मला एक रात्र लागली. काटछांट खोटें बोलत नाहीं, पण ती गप्प बसते. आणि गप्प बसणें केव्हां प्रामाणिक व केव्हां अप्रामाणिक, हें चित्राखालीं आपण काय लिहितों त्यावर अवलंबून असतें. "निर्मल वैनगंगा" असें नांव देऊन खालचा कचरा कापला असता, तर तें उघड असत्य झालें असतें. "माझे बाबा कामावर निघाले, कारधा, डिसेंबर" असें लिहिल्यावर कचरा कापण्यांत कोणाची फसवणूक होत नाहीं. कारण चित्र नदीच्या स्वच्छतेविषयीं कांहीं म्हणतच नाहीं. हें सांगितल्यावर मुलाचें समाधान झालें खरें, पण अर्धेंच. शेवटीं त्यानें कापून टाकलेला खालचा पट्टा पुनः उघडला. जलपर्णी, प्लॅस्टिक व चिखल ह्यांचें तेंहि एक स्वतंत्र चित्र होतें, आणि ह्या वेळीं त्यांतील रंग मंद न करतां त्यानें जसेच्या तसे ठेवले. वर्गाच्या फलकावर दोन्ही चित्रें एकाखालीं एक लावलीं आहेत. एकाखालीं "बाबा", दुसऱ्याखालीं "त्याच दिवशीं, त्याच जागीं" असें लिहिलें आहे.

विद्यार्थिमित्रांनो, येत्या हिंवाळ्यांत तुम्हींहि हा प्रयोग करून पाहा. सूर्योदयापूर्वीं पोहोंचा, ऊन चढलें कीं धुकें फार वेळ थांबत नाहीं. जवळची एक, मधली एक व दूरची एक अशा तीन वस्तु चौकटींत घ्या. मूळ चित्र जसेंच्या तसें जपून ठेवा, व जी काय सुधारणा करावयाची ती प्रतीवर करा. प्रथम सरळ करा, मग कापा, मग उजेड नीट करा, आणि रंगास सर्वांच्या शेवटीं हात लावा. एक रात्र मध्यें जाऊं द्या. दुसऱ्या दिवशीं ताज्या डोळ्यांस बहुधा कळतें कीं, रंग जरा अधिकच झाला. पडद्यावर उजळ दिसणारें चित्र कागदावर काळवंडतें, म्हणून छापण्यापूर्वीं लहानशी नमुनाप्रत काढून पाहा. आणि हें सर्व करण्याच्या अगोदर स्वतःस एक प्रश्न विचारा: हें चित्र कशाचें आहे? त्याचें उत्तर एका वाक्यांत देतां आलें, तर कोठें कापावें व कोणता रंग ठेवावा हें तुम्हांस दुसऱ्या कोणीं सांगावें लागणार नाहीं.